शक्ती निकामी पडते तिथे



कुमारसाहित्याच्या संमेलनात अध्यक्षांनी सुपरहिरोंवर बोलायचं ठरवलं, याचं काहींना नवल वाटलं असेल. हा विषय मी विचार करून निवडला आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेतल्या कुमार-कादंबरीनं वर्णद्वेष, स्थलांतर, गरिबी, तुरुंग अशा विषयांना हात घातला, आणि त्यातलं काही काम कॉमिक्समधल्या जुन्या, सगळ्यांच्या ओळखीच्या पात्रांना घेऊन झालं. आपली मुलं या पात्रांना सिनेमातून आणि मोबाइलच्या पडद्यावरून नीट ओळखतात. त्यांच्यावर तिथल्या उत्तम लेखकांनी कादंबऱ्या लिहिल्या आहेत, हे मात्र मुलांना कुणी सांगत नाही. ते सांगण्याचं काम आपलं आहे, म्हणून आज हा विषय.

माझं म्हणणं आधीच मांडून टाकते. सुपरहिरोवरच्या कुमार-कादंबरीचा कस त्याची शक्ती जिथे काडीच्याही उपयोगाची नसते त्या पानांवर लागतो. भिंतीवर चढता येणारा मुलगा भिंतीवर चढतो, हे चित्रात पाहायला छान असतं. कादंबरीत ते दोन ओळींत संपतं. कादंबरी सुरू होते ती त्याला वर्गात, घरात, पोलिसासमोर, आजारी बहिणीच्या उशाशी काहीच करता येत नाही तिथून.

या नायकांचं आणि कुमारवयाचं नातं जुनं आहे. सुपरमॅन 1938 साली छापून आला, पण जेरी सीगल आणि जो शुस्टर यांच्या डोक्यात तो त्याच्या काही वर्षं आधीपासून होता. क्लीव्हलंडच्या एका शाळेत भेटलेली, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली ही दोन मुलं. बलदंड माणूस आणि त्याच्याआड दडलेला चष्मेवाला, बुजरा क्लार्क केंट, ही जोडी शाळकरी वयाच्या जखमेतून आली आहे असं मला नेहमी वाटतं. तरीही पुढची कितीतरी वर्षं कॉमिक्समध्ये खुद्द कुमारवयीन मुलाच्या वाट्याला बहुधा दुय्यम जागाच आली. 1940 मध्ये आलेला रॉबिन हा बॅटमनचा हरकाम्या साथीदार होता. त्याच सुमाराचा बिली बॅटसन जादूचा शब्द उच्चारला की एकदम मोठा माणूस व्हायचा. पराक्रम करायचा तर आधी मोठं व्हावं लागे.

ते 1962 मध्ये बदललं. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचा पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन, शक्ती मिळाल्यावरही शाळकरीच राहिला. पुढच्या वर्षी त्याची स्वतंत्र अंकमालिका सुरू झाली. तिच्या पहिल्याच अंकात त्याच्या मे काकूंकडे घरभाड्याला पैसे नाहीत. स्पायडरमॅननं खेळ करून धनादेश मिळवला आहे, पण तो स्पायडरमॅनच्या नावानं आहे आणि बँकेतला कारकून ओळखपत्र मागतो. मुखवट्याचं ओळखपत्र कुठून आणणार? इतक्या ताकदीचा मुलगा बँकेच्या खिडकीवरून रिकाम्या हातानं परततो. पुढे गद्यात जे झालं त्याचं बीज मला या दोन-तीन चौकटींत दिसतं.

गद्यानं कॉमिक्सला काय दिलं याचं पहिलं उदाहरण त्याहून जुनं आहे. 1942 मध्ये जॉर्ज लाउदर यांनी सुपरमॅनवर कादंबरी लिहिली, तिची चित्रं स्वतः शुस्टर यांनी काढली. अ‍ॅक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकात क्रिप्टन ग्रहाचा नाश आणि बाळाचं पृथ्वीवर येणं काही चौकटींत उरकलं होतं. लाउदर तिथे थांबले. त्यांनी त्या ग्रहाला, त्या आईवडिलांना, पृथ्वीवरच्या बालपणाला जागा दिली. जोर-एल आणि लारा ही त्या आईवडिलांची नावं आज आपण ज्या रूपात ऐकतो ते रूप याच पुस्तकातून रूढ झालं. कादंबरीनं चित्रकथेकडून नुसतं उचललं नाही, तिला परत काही दिलंही. रूपांतर म्हणजे उतरवून काढणं, असं अजून मानणाऱ्यांनी हे पुस्तक आठवावं.

आता थोडं कसबाबद्दल. चित्रकथेत दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत वाचक स्वतः काहीतरी भरतो. मूठ उगारलेली दिसते, पुढच्या चौकटीत माणूस जमिनीवर असतो, मधला प्रहार वाचकाच्या मनात होतो. गद्यात ही कोरी पट्टी नाही. लेखकानं तोच प्रहार शब्दांत सविस्तर लिहायला घेतला की पान जड होतं. उजवा हात, डावा पाय, मग गिरकी, मग खांब कोसळला, हे तीन पानं वाचताना चांगला वाचकही पुढे सरकतो. या प्रकारच्या बहुतेक फसलेल्या कादंबऱ्या याच जागी फसल्या आहेत. लेखकाच्या डोळ्यांपुढे सिनेमा चालू असतो आणि वाचकाच्या हाती त्याचं इतिवृत्त पडतं.

दुसरी अडचण मुखवट्याची. चित्रात मुखवटा दिसतो, म्हणून त्याखालच्या चेहऱ्याची ओढ लागते. गद्यात चेहरा मुळात दिसतच नाही, आणि पीटर कोण आहे हे वाचकाला पहिल्या ओळीपासून ठाऊक असतं. म्हणून गद्यातला मुखवटा आवाजातूनच उभा करावा लागतो. मुलगा आईशी काय बोलतो, मित्राशी काय, मनात काय म्हणतो, आणि या तिन्हींत किती अंतर आहे, हेच कादंबरीतलं वेषांतर. कुमारवयाशी याचं नातं मला उलगडून सांगायला नको. पंधरा-सोळा वर्षांचं प्रत्येक मूल घरात एक, शाळेत एक, एकटं असताना तिसरंच असतं.

हे सगळ्यात चांगलं जमलं आहे ते जेसन रेनॉल्ड्स यांना, आणि त्यांच्या पुस्तकाबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. माइल्स मोराल्स हा नवा स्पायडरमॅन ब्रायन मायकल बेंडिस आणि सारा पिकेली यांनी 2011 मध्ये कॉमिक्समध्ये आणला. वडील कृष्णवर्णीय, आई पोर्तो रिकोची, घर ब्रुकलिनमध्ये. रेनॉल्ड्स यांची त्याच्यावरची कादंबरी 2017 मध्ये आली. त्याआधी त्यांनी ब्रेंडन काइली यांच्याबरोबर पोलिसी मारहाणीवरची ‘ऑल अमेरिकन बॉइज’ ही कादंबरी लिहिली होती, आणि पुढे ते अमेरिकेत बालकुमार साहित्याचे राष्ट्रीय दूत झाले. हा लेखक सुपरहिरोकडे वळला तेव्हा आपला विषय घेऊनच वळला.

त्यांचा माइल्स शिष्यवृत्तीवर एका प्रतिष्ठित निवासी शाळेत शिकतो. तिथल्या इतिहासाच्या तासाला चेंबरलेन नावाचे शिक्षक गुलामगिरीची बाजू घेऊन बोलतात. अगदी शांतपणे, विद्वत्तेच्या सुरात. आणि नेमक्या त्या तासाला माइल्सच्या अंगात धोक्याची सूचना देणारी झिणझिण सुरू होते. कॉमिक्समध्ये ही झिणझिण म्हणजे मागून गोळी येते आहे, छत कोसळतं आहे. इथे समोर खडू, फळा आणि एक शिक्षक. माइल्सला कळत नाही की आपल्याच शक्तीत काही बिघाड झाला आहे की काय. वाचकाला मात्र कळतं. धोका खराच आहे, फक्त त्यावर जाळं फेकता येत नाही. कॉमिक्समधला एक ठरीव संकेत घेऊन लेखकानं त्याच्याकडून वर्णद्वेषाच्या अनुभवाचं इतकं नेमकं काम करून घेतलं आहे, की तो भाग वाचून मी पुस्तक मिटून बसले होते.

दुसरी गोष्ट रक्ताची. माइल्सचा आरन काका गुन्हेगार होता. काकाचा मुलगा ऑस्टिन बालसुधारगृहात आहे आणि तिथून तो माइल्सला पत्र लिहितो. माइल्सला भीती वाटते की आपल्या रक्तातच काही खोट असेल. कोळी चावला म्हणून रक्त बदललं, ही कॉमिक्समधली गोष्ट; घराण्यात गुन्हा आहे म्हणून रक्त वाईट, ही समाजानं त्याच्या मनात भरवलेली गोष्ट. रेनॉल्ड्स या दोन्ही एकाच मुलाच्या अंगात ठेवतात आणि त्यांवर भाष्य करत बसत नाहीत. वडिलांबरोबर ऑस्टिनला भेटायला जाणारा माइल्स तिथे स्पायडरमॅन असून काय करणार? टेबलाच्या पलीकडे बसलेल्या चुलतभावाशी बोलणार, इतकंच.

या पुस्तकाचा शेवट मला कमकुवत वाटतो, हेही सांगायला हवं. चेंबरलेनच्या मागे वॉर्डन नावाचा एक जुना खलनायक निघतो आणि त्याच्याशी मारामारी होते. शेकडो वर्षं हजारो साध्यासुध्या माणसांनी मिळून चालवलेला अन्याय एका दुष्ट म्हाताऱ्याच्या अंगावर लादला, की त्याला ठोसा मारून पुस्तक संपवता येतं. प्रकाराचा संकेत पाळायचा म्हणून लेखकानं हे केलं असावं. वर्गातली झिणझिण मला आजही आठवते, वॉर्डन आठवायला पुस्तक उघडावं लागतं.

त्याच वर्षी, 2017 मध्ये, डीसी या कॉमिक्स कंपनीच्या नायकांवर एक मालिका सुरू झाली. कुमार-कादंबरीतल्या चार नामवंतांना एकेक पात्र दिलं गेलं. ली बार्डूगो यांना वंडर वुमन, मरी लू यांना बॅटमन, सारा मास यांना कॅटवुमन, मॅट दे ला पेन्या यांना सुपरमॅन. चौघांचीही पुस्तकं मी वाचली आहेत, आणि ती सारख्या वजनाची नाहीत.

बार्डूगो यांची डायना, म्हणजे वंडर वुमन, तिच्या बेटावर आपली योग्यता सिद्ध करू पाहते आहे. बाकीच्या योद्ध्या रणात मरण पत्करून तिथे आल्या. ती मातीतून घडलेली, काहीच न कमावता तिथे असलेली. धावण्याच्या शर्यतीत ती पुढे असते आणि समुद्रात बुडणारी एक मुलगी दिसते, तेव्हा शर्यत सोडून ती पाण्यात उडी घेते. ही आलिया ट्रॉयच्या हेलनच्या वंशातली, आणि तिच्या नुसत्या असण्यानं युद्धं पेटतात असा शाप. तिला मारलं तर युद्ध टळेल. डायनाच्या बाहूंत कितीही बळ असलं तरी कुळाला चिकटलेला शाप त्यानं सुटत नाही. कादंबरी डायना आणि आलिया यांच्या नजरेतून आळीपाळीनं पुढे जाते, हा निर्णय फार शहाणपणाचा. देवतेसारख्या मुलीला बाहेरून पाहणारी एक साधी मुलगी जवळ असल्याशिवाय गद्यात तिची उंची कळत नाही.

दे ला पेन्या यांची कादंबरी 2019 मध्ये आली. स्मॉलव्हिल या शेतीच्या गावातून मेक्सिकोहून आलेली माणसं नाहीशी होऊ लागतात आणि गावातल्या बहुतेकांना त्याचं काही वाटत नाही. क्लार्कला ते दिसतं. आता हा क्लार्क कोण? आकाशातून, कुठलंही कागदपत्र नसताना आलेला. त्याला कुणी परत पाठवत नाही, कारण तो दिसायला गावातल्यासारखा आहे. सीगल आणि शुस्टर या स्थलांतरितांच्या मुलांनी जे पात्र निर्माण केलं, ते ऐंशी वर्षांनी मेक्सिकन मुळं असलेल्या लेखकाच्या हाती आलं आणि त्यातली मूळची गोष्ट उघडी झाली. पात्र योग्य हातांत पडणं म्हणजे काय, ते इथे दिसतं.

मरी लू यांच्या पुस्तकात अठरा वर्षांचा ब्रूस वेन, म्हणजे भावी बॅटमन, शिक्षा म्हणून अर्कम या गुन्हेगारांच्या मनोरुग्णालयात काम करायला जातो आणि तिथे कोठडीतल्या मॅडलिन नावाच्या मुलीशी बोलू लागतो. ती संभाषणं उत्तम आहेत, बाकीचं नेहमीचं. सारा मास यांच्या कॅटवुमनची सुरुवात मला फार आवडते. धाकट्या बहिणीला फुफ्फुसांचा असाध्य आजार, आई घर सोडून गेलेली, आणि औषधपाण्याच्या पैशांसाठी सेलीना, म्हणजे पुढची कॅटवुमन, चोरून चालणाऱ्या झुंजींमध्ये उतरते. पुढे ती उंची कपड्यांत, मेजवान्यांत गॉथम शहरात परतते आणि कॉमिक्समधली ओळखीची पात्रं एकामागून एक हजेरी लावू लागतात. तिथे कादंबरी पातळ होत जाते.

या मालिकेबाहेरचं एक पुस्तक आवर्जून वाचावं असं आहे, ग्वेंडा बाँड यांचं सुपरमॅनच्या कथांमधल्या लोइस लेनवरचं, 2015 सालचं. यात नायिका पत्रकार व्हायला निघालेली शाळकरी मुलगी आहे. तिच्या शाळेत एका मुलीला काही मुलं मिळून छळत आहेत, आणि लोइस ते उघडकीला आणायचं ठरवते. सुपरमॅन? तो फक्त इंटरनेटवरचा, स्मॉलव्हिलचा एक मित्र आहे, संदेशांतून बोलणारा. सगळ्यात बलाढ्य पात्राला पडद्याच्या पलीकडे ठेवायचं आणि हाती वही असलेल्या मुलीला पुढे आणायचं, हे धैर्य लेखिकेनं दाखवलं.

या लेखनाला एक मोठी मर्यादा आहे, आणि तरुण लेखकांनी ती डोळे उघडे ठेवून पाहावी. ही पात्रं कंपन्यांच्या मालकीची आहेत. लेखक त्यांना मारू शकत नाही, त्यांचं कायमचं काही बिघडवू शकत नाही. दिलेलं पात्र जसंच्या तसं परत करायचं. वाचकालाही पुढचं माहीत असतं, ब्रूस बॅटमन होणारच आहे. मग उत्कंठा कुठून आणायची? चांगले लेखक ती दुसऱ्या माणसांवर ठेवतात. आलियाचं काय होईल, ऑस्टिनचं काय होईल, स्मॉलव्हिलमधल्या नाहीशा झालेल्या माणसांचं काय होईल, हे ठरलेलं नसतं. त्यामुळे बाजूची पात्रं या कादंबऱ्यांचा जीव होतात, आणि नायकाची कसोटी तो त्यांच्यासाठी काय करतो यावर लागते. पण मालकीचा प्रश्न तेवढ्यानं संपत नाही. सीगल आणि शुस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क 130 डॉलरना विकले होते. 1975 मध्ये, साठीला आलेले असताना, मोठ्या जनमताच्या रेट्यानंतर त्यांना वार्षिक मानधन आणि निर्माते म्हणून नाव परत मिळालं. करारावर सही करण्यापूर्वी ही हकिगत प्रत्येक तरुण चित्रकारानं आणि लेखकानं वाचावी.

आता आपल्याकडे येऊ. माझ्या पिढीनं इंद्रजाल कॉमिक्समधून मराठी बोलणारा वेताळ वाचला. पण त्याच काळात आपल्याकडे एक पूर्णपणे गद्यातला, पूर्णपणे शक्तिहीन नायक होता. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे. किडकिडीत, सायकलवर, नुसत्या डोक्याच्या बळावर निभावून नेणारा. अमेरिकन लेखक महाप्रयासानं आपल्या नायकाची शक्ती बाजूला ठेवतात आणि जिथे पोचतात, तिथून फास्टर फेणे सुरूच होतो. हे आपलं भांडवल आहे. त्या गोष्टींचा वेग असा, की बनेशच्या मनातली लाज, भीती, एकटेपण यांच्यापाशी थांबायला त्यांना वेळ नसतो. आजच्या कुमार-कादंबरीला तिथे थांबावं लागेल.

आणि एक धागा थेट मुंबईतला आहे. 2004 मध्ये शरद देवराजन, सुरेश सीताराम आणि जीवन कांग यांनी भारतीय स्पायडरमॅन आणला. पवित्र प्रभाकर. खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईच्या शाळेत आलेला, धोतर नेसतो म्हणून वर्गात हेटाळणी झेलणारा, भीम काका आणि माया काकूंबरोबर राहणारा. 2023 च्या अ‍ॅनिमेशनपटात तो झळकला. तिथे तो हजरजबाबी, केसांवर खूश, कसलीच काळजी नसलेला आहे, आणि मुलांना तो आवडला. तो चित्रपट मराठीतही डब झाला. पण खेड्यातून आलेला, वर्गात मागे बसलेला तो पहिला पवित्र त्यात नाही. कॉमिक्सच्या चार अंकांत ती हेटाळणी दोन-चार चौकटींत आटोपते. मला त्या चौकटी कादंबरीत हव्यात. पहिल्या दिवशीची हजेरी, भाषा ऐकून झालेलं हसू, डबा उघडताना वाटलेला संकोच, शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना जातीच्या रकान्यापाशी थांबलेलं पेन. महाराष्ट्रात हे अनुभवलेली माणसं या सभागृहात बसलेली आहेत. रेनॉल्ड्स यांनी ब्रुकलिनच्या वर्गात जे केलं, ते मराठीत करायला लागणारी सामग्री आपल्याकडे भरपूर आहे.

दुपारच्या अनुवाद-सत्रासाठी माझी एक सूचना आहे. रेनॉल्ड्स यांची कादंबरी मराठीत आणावी, आणि ती आणताना माइल्सला ब्रुकलिनमध्येच राहू द्यावं. त्याला पुण्यात आणून, त्याच्या जागी इथली जात बसवून रूपांतर करायचा मोह होईल. तो आवरावा. मराठी मुलगा चेंबरलेनचा तास वाचेल तेव्हा आपल्या वर्गातला तास त्याला आपोआप आठवेल. तो त्याचा त्याला आठवू द्यावा. या अनुवादात बोलीभाषा लागेल. माइल्स आणि त्याचा मित्र गँके पुस्तकी मराठी बोलले तर सगळं संपलं. अनुवादकानं आधी दहावी-अकरावीतल्या मुलांच्या कट्ट्यावर महिनाभर बसावं.

इथल्या तरुण लेखकांकडे माझं मागणं वेगळं आहे. पवित्र प्रभाकरचे हक्क आपल्याकडे नाहीत, त्यामुळे त्याच्यावर लिहिणं सोपं नाही. आपला मुलगा, आपली मुलगी आपण निर्माण करावी आणि तिचे हक्क आपल्याकडेच ठेवावेत. तिला हवी ती शक्ती द्यावी, उडू द्यावं, अदृश्य होऊ द्यावं. मग ती शक्ती चालणार नाही अशा जागी तिला उभं करावं: मोठ्या बहिणीचं लग्न अठराव्या वर्षाआधी ठरतंय त्या बैठकीत, बापाचं कर्ज मोजणाऱ्या पतपेढीत, वसतिगृहाच्या मेसमध्ये. अशी तीस-चाळीस पानं ज्यांची लिहून झाली असतील त्यांनी ती माझ्याकडे पाठवावीत. माझ्या अध्यक्षपदाच्या या वर्षात आलेलं प्रत्येक हस्तलिखित मी वाचेन, त्यावर लिहून कळवेन, आणि जे छापण्याजोगं वाटेल ते घेऊन इथे पहिल्या रांगेत बसलेल्या प्रकाशकांच्या कार्यालयात मी स्वतः जाईन.